बोट, रेल्वे आणि बीअर: सॅन फ्रान्सिस्को ते सांता रोझा

निघण्याआधी पुण्यातल्या कंपूने सल्ला दिला होता, "अमेरिकेतली बीअर पिऊ नकोस, नळाचं पाणी पी. चव तीच, वर फुकट." गंमत अशी की हीच मंडळी इथे हॉटेलात बसली की अमेरिकेचीच बडवायझर मागवतात, आणि बाटलीचं लेबल शेजारच्या टेबलाला दिसेल असं ठेवतात.

ऑक्टोबरात महिनाभर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला लेकीकडे होतो. पहिल्याच आठवड्यात कंपूचं म्हणणं खरं वाटायला लागलं. सुपरमार्केटमधून एका नावाजलेल्या आयपीएचे, म्हणजे इंडिया पेल एल या कडवट जातीच्या बीअरचे, सहा कॅन आणले. बुडावर तारीख बघूनच घेतले होते: 04/09/25. म्हणजे जेमतेम महिनाभराची, ताजी. घरी उघडली तर ओल्या पुठ्ठ्याची चव. मी तिथल्या तिथे अमेरिकेला नावं ठेवायला सुरुवात केली. जावई म्हणाला, "बाबा, इथे आधी महिना लिहितात." म्हणजे बीअर 9 एप्रिलची, सहा महिन्यांची. तिकडे जाणाऱ्यांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, तारीख उलटी वाचायला विसरू नका.

आयपीएचं सगळं रूप तिच्यातल्या हॉप्स नावाच्या फुलांच्या वासावर असतं, आणि तो वास नीरेसारखा असतो. सकाळची नीरा दुपारी पिऊन कुणी तिला नावं ठेवत नाही, चूक पिणाऱ्याची असते. म्हणून ठरवलं, जिथे बनते तिथे जाऊन प्यायची.

पहिला हेलपाटा सॅन फ्रान्सिस्कोतच, पोट्रेरो हिलवर, अँकर ब्रूअरीच्या, म्हणजे बीअरच्या कारखान्याच्या, दारात. दार बंद. 2023 च्या जुलैमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला, पुढच्या वर्षी नव्या मालकाने ती विकत घेतली, पण मी गेलो तेव्हा आत काही हालचाल दिसली नाही. तरी बाहेर दोन मिनिटं उभा राहिलोच. दारूबंदीची 1920 ते 1933 ही वर्षं आणि त्यानंतरची मोठ्या कंपन्यांची गिळागिळी यांतून 1970 च्या दशकाच्या अखेरीस साऱ्या देशात शंभरही ब्रूअरी उरल्या नव्हत्या. तांदूळ-मका घालून हलकी केलेली, एका चवीची लागर जातीची बीअर सगळीकडे. पाणचटपणाची ख्याती तेव्हाची. त्या काळात, 1965 साली, फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने ही डबघाईला आलेली ब्रूअरी घेतली, आणि 1975 मध्ये ओरेगॉनच्या कॅस्केड हॉप्सची 'लिबर्टी एल' ही बीअर काढली. पपनसाची साल नखाने खरवडल्यावर येतो तो वास अमेरिकन बीअरला चिकटला तो साधारण तिथून. आता देशात नऊ हजारांवर ब्रूअरी आहेत, आणि ज्यांनी सुरुवात केली त्यांच्या दाराला कुलूप.

त्याच संध्याकाळी जवळच्या एका टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रूअरीच्या स्वतःच्या बारमध्ये, माझी शोभा झाली. वय एकसष्ट, डोक्यावर एक काळा केस नाही, तरी काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र मागितलं. एकवीसच्या खाली दारू नाही, आणि काही ठिकाणी सरसकट सगळ्यांना विचारतात. पासपोर्ट घरी. खिशात होतं ते आधार कार्ड दिलं. तिने ते दोन्ही बाजूंनी कौतुकाने बघितलं आणि परत केलं. पासपोर्ट जवळ ठेवा.

खरी सहल पुढच्या गुरुवारी, सौ.ला घेऊन, उत्तरेला सांता रोझाला. गाडी मुद्दाम नेली नाही. रक्तात 0.08 टक्के मद्य म्हणजे गुन्हा, आणि कॅलिफोर्नियात गाडीत उघडा कॅन शेजारी बसणाऱ्याच्या हातात असला तरी पावती फाटते. त्यापेक्षा बार्ट या लोकल गाडीने एम्बारकाडेरो स्टेशन, तिथून फेरी बिल्डिंगवरून लार्कस्परची बोट, पुढे स्मार्ट नावाची रेल्वे. क्लिपर हे प्रवासाचं कार्ड तिन्हीकडे चालतं. रेल्वेत चढताना आणि उतरतानाही टॅप करायचं, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. बोट अर्ध्या तासाची. अल्काट्राझ बेट दिसतं, गोल्डन गेट दिसतो आणि धक्क्याजवळ येताना सॅन क्वेंटिनचा तुरुंग लागतो. इतक्या मोक्याच्या जागेवर तुरुंग बघून हिने विचारलं, "इथल्या बिल्डरांना झोप कशी लागते?" धक्क्यापासून स्टेशन दहा-पंधरा मिनिटं पायी आहे. बोट आणि गाडीच्या वेळा आधी जुळवून घ्या. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात.

सांता रोझा डाउनटाउनला उतरून मॉल ओलांडला की फोर्थ स्ट्रीटवर रशियन रिव्हर ब्रूइंगचा पब. दुपारी बाराच्या आत पोचलो म्हणून लगेच जागा मिळाली. मार्चच्या अखेरीस इथे दोन आठवडे 'प्लिनी द यंगर' ही बीअर येते, तेव्हा लोक तासन्‌तास रांगेत उभे असतात. त्या दिवसांत जाऊ नका, किंवा पंढरीच्या दर्शनबारीची सवय असेल तर जा.

आम्ही मागवली थोरली पाती, 'प्लिनी द एल्डर', 8 टक्क्यांची. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेल्या रोमन पंडिताचं नाव. वास पपनस आणि ताज्या रंध्याखालच्या देवदाराचा, चव कडू, पण कारल्यासारखी जिभेवर ठाण मांडून बसणारी नाही. घोट संपतो आणि तोंड कोरडं, स्वच्छ होतं. 8 टक्के कुठे लपलेत ते उठताना कळतं. बाटलीच्या लेबलवर थंड ठेवा, ताजी प्या, साठवू नका अशा विनवण्याच छापल्या आहेत. माझा पुठ्ठा-कॅन आठवला.

एकच सांगतो, आल्याआल्या पाइंट मागवू नका. छोट्या ग्लासांचा ट्रे घ्या आणि हलकीपासून सुरुवात करा. मी आधी प्लिनी प्यायलो, मग त्यांची पिल्सनर, म्हणजे हलकी, फिकी लागर, आणि त्या बिचारीची चव कळलीच नाही. पिल्सनरमध्ये लपवायला काही नसतं. त्या न्यायाने मोठ्या कंपन्यांच्या फिक्या लागरला पाणचट म्हणा हवं तर, पण वर्षानुवर्षं तंतोतंत तशीच उतरवणं ही कारागिरी आहे, हे मी आता मान्य करतो. कंपूला सांगणार नाही. ट्रेमधली 'सप्लिकेशन' मात्र वेगळ्याच घराण्याची: पिनो न्वार वाइनच्या जुन्या पिंपांत आंबट चेरींसोबत मुरवलेली. हिने तेवढीच एक चाखली आणि "कोकमाच्या जवळ जातेय" म्हणाली. त्याआधी दुसरीकडे तिला मोठ्या हौसेने रूट बीअर दिली होती. त्यात दारू नसते, पण वास थेट आयोडेक्सचा. न पिणाऱ्या सोबत्याला ती देऊ नका. खायला पिझ्झा, शाकाहारीही मिळतो. पाइंट सात-आठ डॉलर, वर टिप. अमेरिकन पाइंट 473 मिलिलिटरचा, इंग्लंडच्या 568 च्या हिशोबाने बसाल तर फसाल.

त्यांचा मोठा कारखाना विंडसरला आहे, आतून बघता येतो. 2025 पासून रेल्वे तिथपर्यंत जाते, पण स्टेशनवरून टॅक्सी लागते. आम्ही गेलो नाही.

परतताना पेटालुमा नॉर्थला उतरून लागुनितास ब्रूअरीच्या बागेत बसलो. इथल्या पार्ट्यांत गांजा ओढला जातो म्हणून 2005 मध्ये सरकारी माणसं वेष पालटून आली आणि 20 दिवस परवाना निलंबित केला, तर या पठ्ठ्यांनी त्या छाप्याच्या नावाने नवी बीअर काढली. मालकी 2017 पासून पूर्णपणे हायनिकनकडे आहे. स्वतंत्र ब्रूअरीच हवी असेल तर कॅनवर उलट्या बाटलीचा शिक्का शोधा. लागुनितासवर तो मिळणार नाही, आयपीए तरीही चांगली होती. गढूळ, आमरसासारख्या दिसणाऱ्या हेझी आयपीए सगळीकडे मिळतात. मी तीन ठिकाणी प्यायलो, तिन्ही ठिकाणी अर्धी ठेवली. पुढच्या पिढीला आवडतात म्हणे.

लार्कस्परहून संध्याकाळची शेवटची बोट चुकलीच तर हातपाय गाळू नका, जवळच्या सान राफाएलहून सॅन फ्रान्सिस्कोला 101 नंबरची बस आहे. आम्हाला बोट मिळाली, धावत. कंपूसाठी प्लिनीच्या तीन बाटल्या घेतल्या होत्या, 510 मिलिलिटरच्या. भारतात माणशी दोन लिटर मद्य चालतं, सामानात टॉवेलमध्ये गुंडाळून आणल्या. पुण्यात उतरल्यावर बैठकीची तारीख जमेना. एकाचं लग्नकार्य, एकाचा गुडघा. जमेपर्यंत डिसेंबर उजाडला. एकाने घोट घेतला आणि म्हणाला, "बरी आहे. पण जरा पुठ्ठ्यासारखी लागते नाही?"