खिडकीसमोर उभं राहून

आज लेकॉकला जाऊन आलो. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं, चिपनमजवळचं हे छोटंसं गाव. लाकडी सांगाड्याची, किंचित कललेली घरं, दगडी कौलं, दारांवर चढलेले गुलाब आणि डोक्यावर एकही वायर नाही! जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं आहे. गावाच्या मालकीण माटिल्डा टॅलबट यांनी १९४४ मध्ये ते देऊन टाकलं. लोक मात्र अजून इथे राहतात. खिडक्यांत कुंड्या, बाहेर सायकली. जिवंत गाव आहे, नुसता देखावा नाही, हे मला फार आवडलं.

पण मी खरा रेंगाळलो तो ॲबीत. १२३२ साली स्थापन झालेला ख्रिस्ती जोगिणींचा मठ, पुढे राहता वाडा झाला. दक्षिणेकडच्या दालनात बारीक चौकटींची एक खिडकी आहे. ऑगस्ट १८३५ मध्ये छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक, विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी छोट्याशा लाकडी कॅमेऱ्याने तिचं चित्र कागदावर उतरवलं. पोस्टाच्या तिकिटाएवढं! आज टिकून असलेली सर्वांत जुनी फोटो-निगेटिव्ह तीच. ऊन काचांतून थेट जमिनीवर आलं होतं. तिथून पाय निघेना. बायको दोनदा बोलवायला आली.

परतताना कॅसल कूम हे गावही पाहिलं. मधाच्या रंगाची दगडी घरं, खाली झुळझुळता ओढा. चर्चमधलं जुनं घड्याळ तबकडीविना फक्त टोले देतं. गर्दी होती, लेकॉकला जास्त निवांत वाटलं. इकडे येणार असाल तर ॲबीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा.