तो बँड आमचा नव्हताच

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. पुण्यात आपल्या भागातल्या प्रोटीनवाल्यांचा दोन दिवसांचा मेळावा होता, म्हणजे पुणे, मुंबई, गोवा, कोल्हापूर इकडचीच मंडळी, दीडेकशे माणसं असतील. मी पहाटेच्या एसटीने गेले, पोस्टरची नळी मांडीवर धरून, कारण वरती ठेवली की घाटात ती कुणाच्या तरी डोक्यात पडणार हे ठरलेलं.

सकाळची भाषणं बरी झाली. एकाने १९६३ चा मद्रासचा रामचंद्रन प्लॉट (प्रोटीनची साखळी कुठे कशी वळू शकते त्याचा नकाशा) दाखवून सुरुवात केली, आणि मग गाडी अल्फाफोल्डवर, म्हणजे प्रोटीनचा आकार ओळखणाऱ्या एआय प्रोग्रॅमवर. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जम्परला मिळाल्यापासून प्रत्येकाच्या पोस्टरवर त्या रंगीत रिबिनी, म्हणजे त्या प्रोग्रॅमने काढलेली प्रोटीनच्या आकाराची चित्रं, आहेतच. माझ्याही होत्या.

जेवणात पुरी-भाजी आणि जिलबी, आणि त्यानंतर पोस्टर सेशन, म्हणजे लोक अर्धे पेंगलेले. मी निवांत होते. उसाच्या चिपाडावर वाढणाऱ्या एका जिवाणूचं प्रोटीन, ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूत बनवून घेतलेलं, काम काय कुणाला माहीत नाही, आणि आमचं म्हणणं असं की ते निकेल धरतं, तेही टॅगच्या हिशेबापेक्षा जास्त. आठ महिने घातले होते त्यात.

आता टॅग म्हणजे काय तर प्रोटीनच्या टोकाला सहा हिस्टिडीनचं (हे एक अमिनो आम्ल) शेपूट लावायचं, ते निकेलच्या कॉलमला चिकटतं, बाकी सगळं वाहून जातं, मग इमिडाझोल नावाचं रसायन घालून आपलं प्रोटीन सोडवून घ्यायचं. कागदावर इतकं सोपं आहे.

एक मॅडम आल्या, साठीच्या, सुती साडी, हातात चहाचा कागदी कप. वरचं टायटल वाचलंच नाही, थेट जेलच्या फोटोपाशी (जेलवर प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी होतात, एका नमुन्याची एक लेन, एका प्रोटीनचा एक पट्टा म्हणजे बँड) वाकल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ फ्लेक्सला लावलं.

"अगं, अनइंड्यूस्ड लेन कुठंय?"

म्हणजे आयपीटीजी, पेशींना आपलं प्रोटीन बनवायला लावणारं रसायन, न घातलेल्या पेशींची लेन, जिच्यात आमचं प्रोटीन असायलाच नको. म्हटलं, मॅडम, जागा नव्हती म्हणून क्रॉप केली. अर्धं खरं होतं ते. अर्धं असं की त्या लेनमध्येही तोच बँड होता, आणि लॅबमधल्या दादाने सांगितलेलं की लीकी एक्स्प्रेशन असतं गं, न सांगताही थोडं बनतं, चालतं. मला तेच ऐकायचं होतं म्हणून मी ऐकलं.

"फोनमध्ये असेल ना अख्खा फोटो?"

होता. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. बँड तिथेही होता आणि जाडी जवळपास तेवढीच. मग वरती सत्तर किलोडाल्टनच्या (प्रोटीनचं वजन मोजायचं एकक) पुढचा एक फिकट बँड दाखवून म्हणाल्या, "हा बहुतेक आर्नए. आणि हा खालचा तुझा नाही, हा स्लायडी. दोघं नेहमी जोडीनं येतात."

मला काही बोलताच येईना. आर्नए आणि स्लायडी ही दोन्ही ई. कोलायची स्वतःची प्रोटीनं; स्लायडीच्या शेपटाला मुळातच हिस्टिडीनचा गुच्छा, त्यामुळे टॅग नसताना ते निकेलच्या कॉलमला घट्ट चिकटतं. खरं वजन २१ किलोडाल्टनच्या आसपास, पण जेलवर धावतं २५-२७ ला. आमचं प्रोटीन टॅगसकट २७. आणि स्लायडीचं एक कामच निकेल धरणं! म्हणजे माझं टायटल खरं होतं, फक्त दुसऱ्याच प्रोटीनबद्दल, आणि तेही जगाला आधीच माहीत असलेलं.

मग एकेक आठवायला लागलं. टॅग कापायला थ्रोम्बिन घातलं होतं तर बँड तसूभर खाली सरकला नव्हता. आम्ही म्हटलं, टॅग आत दडला असेल. एन्झाइमची एकही टेस्ट लागली नव्हती, आम्ही म्हटलं, कोफॅक्टर, म्हणजे जोडीला एखादा मदतनीस रेणू, हवा असेल. प्रत्येक वेळी आमच्याकडे कारण तयार! आणि शेजारी ती रंगीत रिबीन, जे प्रोटीन माझ्या ट्यूबमध्ये एकदाही आलं नव्हतं त्याची.

मॅडम रागावल्या वगैरे काही नाहीत. कप माझ्या हातात दिला, माझ्याच पेनने हँडआउटच्या मागे लिहिलं: रिकाम्या व्हेक्टरचा कंट्रोल, मास स्पेक, लॉबस्टर स्ट्रेन. पहिलं म्हणजे आमचा जीन नसलेला डीएनए घातलेल्या पेशी, दुसरं म्हणजे तुकड्यांचं वजन मोजून प्रोटीन ओळखणं, आणि लॉबस्टर म्हणजे २०१३ मध्ये आलेला, नेहमीच्या बीएल२१ या ई. कोलायचाच भाऊबंद, त्यात आर्नए आणि स्लायडी असे बदललेत की कॉलमला जवळजवळ चिकटतच नाहीत. मग विचारलं, "पेलेट कुठे टाकता?"

पेलेट म्हणजे फोडलेल्या पेशींचा तळाला बसणारा गाळ, न विरघळलेलं प्रोटीन असलं तर तिथेच. तो ब्लीचमध्ये. आठ महिने, दर वेळी.

त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि पुढच्या पोस्टरकडे गेल्या. मी अजून दीड तास तिथे उभी होते, कुणी विचारलं की "प्रिलिमिनरी आहे" म्हणायचे. बसमधून सरांना फोन केला, ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "सोमवारी बोलू."

सोमवारी बोललोच नाही, सरळ कल्चर लावलं. पेशी फोडल्या, पेलेट ८ मोलर युरियात (हा प्रोटीनची घडी उलगडून विरघळवतो) विरघळवला, शेजारी रिकामा व्हेक्टर, शेजारी अनइंड्यूस्ड, सगळं एका जेलवर. रंग धुतल्यावर पेलेटच्या लेनमध्ये २७ ला बोटाएवढा जाड बँड, दोन्ही कंट्रोलमध्ये तिथे काही नाही. आणि आमचा जुना लाडका बँड सुपरनॅटंटच्या, म्हणजे गाळावरच्या पाण्याच्या, कॉलममधून काढलेल्या तिन्ही लेन्समध्ये ऐटीत बसलेला. पुढे मास स्पेकमध्येही त्याचे पेप्टाइड्स स्लायडीचेच निघाले.

न कापलेला फोटो मॅडमना मेल केला. रात्री उत्तर आलं, दोनच ओळी. "छान. युरिया हळूहळू कमी कर, एकदम डायलिसिसला टाकलंस तर सगळं दही होईल."

मी अर्थात पहिल्या खेपेला एकदमच टाकलं.