जुन्या टर्बो डिझेल पिकअपचे ॲव्हरेज पूर्वपदावर आणताना : माझा अनुभव

माझी पिकअप अडीच लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) असलेली आणि इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या रोटरी पद्धतीच्या यांत्रिक पंपावर चालणारी आहे. वर्षे सरली तसे तिचे ॲव्हरेज हळूहळू घसरत गेले, आणि ते इतके हळू घसरले की नेमके कधीपासून बिघडले हे सांगता येणे शक्यच नव्हते. अशा वेळी सल्ले बहुधा पंपाची सेटिंग बदलण्याचे, डिझेलमध्ये एखादे रसायन ओतण्याचे किंवा नळीवर चुंबक बसवण्याचे मिळतात. मी मात्र सुरुवातीलाच एक ठरवले होते : कारखान्यातून बाहेर पडताना गाडी जशी होती तशी ती आधी करायची, आणि त्याशिवाय तिच्याकडून जास्तीची अपेक्षा करायची नाही. जुन्या गाडीत डिझेल वाया जाते ते बहुतेक वेळा लहानसहान, दुर्लक्षित ठिकाणी, आणि ती ठिकाणे शोधणे हेच खरे काम असते, असे माझे मत या सगळ्या खटाटोपानंतर अधिकच पक्के झाले आहे.

पहिले काम मोजमापाचे होते. टाकी फुल करून पुढच्या फुल टाकीपर्यंतचे अंतर आणि भरलेले डिझेल यांचा भागाकार करणे ही पद्धत साधी आहे, पण डिझेलला फेस फार येतो. नोझल पहिल्यांदा बंद पडले तेव्हा फेस बसला होता की नाही, एवढ्याशा फरकानेही टाकीत लिटरभर डिझेल कमी-जास्त मावू शकते. म्हणून मी एकाच पेट्रोल पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, फेस बसू देऊन डिझेल भरू लागलो, आणि एका टाकीवर विश्वास न ठेवता लागोपाठच्या काही टाक्यांची सरासरी धरू लागलो. ओडोमीटरही तपासून घ्यावा लागला, कारण गाडीला मूळ मापापेक्षा थोडे उंच टायर होते. टायरचा घेर वाढला की चाक तेवढ्याच अंतरात कमी फेरे घेते आणि मीटरवर किलोमीटर कमी पडतात. जीपीएसवर १०० किलोमीटर भरले तेव्हा माझा मीटर ९६ दाखवत होता. हा हिशेब दुरुस्त केल्यावर खरे ॲव्हरेज लिटरला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास निघाले. तेव्हापासून एका वेळी एकच दुरुस्ती करायची आणि तिचा परिणाम मोजूनच पुढच्या कामाकडे वळायचे, असा नियम मी पाळला.

सर्वांत मोठा दोष हवेच्या मार्गात सापडला. डिझेल इंजिनात हवा अडवून वेग ठरवला जात नाही; सिलिंडरमध्ये जितकी मावेल तितकी हवा जाते आणि ताकद ठरते ती डिझेलच्या मात्रेवर. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच निसटली, तर पंपाच्या माथ्यावरील, टर्बोच्या दाबावर हलणाऱ्या पडद्याला पुरेसा दाब मिळत नाही. मग गाडी ओढत नाही, चालक ॲक्सिलरेटर अधिक दाबतो, खालच्या गिअरवर अधिक वेळ राहतो आणि भाराखाली काळा धूर दिसू लागतो. चढावर माझ्या गाडीचे हेच होत होते, शिवाय बॉनेटखालून बारीक फुसफुस ऐकू येई.

ही गळती डोळ्यांना दिसत नाही. टर्बोच्या तोंडाशी एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून तिथे टायरचा व्हॉल्व्ह बसवलेले बूच घट्ट आवळले आणि कॉम्प्रेसरने दर चौरस इंचाला साधारण १० पाउंडांपर्यंतच हवा भरली. नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देण्याचा मोह टाळावा, कारण तेलाच्या सिलांना तो सोसत नाही, आणि बूच सुटून उडण्याची शक्यता असल्याने त्याच्या समोर उभेही राहू नये. त्यानंतर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडत गेलो. इंटरकूलरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होसच्या खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेलगत, बोटाच्या पेराएवढी चीर होती. वरून पाहिले तर होस धडधाकट दिसत होता, पण हवा भरताच त्या चिरेतून पांढऱ्या फेसाची पट्टी फुलून आली. त्या भागावर तेलकट काळी धूळ साचलेली होती, आणि आता कोणतीही टर्बो गाडी पाहताना मी आधी अशाच तेलकट डागांचा माग काढतो. होस बदलला, जुन्या क्लॅम्पच्या जागी रुंद पट्टीचे क्लॅम्प लावले, आणि त्याच बैठकीत एअर फिल्टरही नवा घातला. पुढच्या टाक्यांमध्ये ॲव्हरेज दहाच्या वर गेले आणि चढावरचा काळा धूर जवळजवळ नाहीसा झाला.

दुसरा दोष चाकांत होता. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये लवकर थांबते अशी मला शंका होती. ब्रेक न वापरता बराच वेळ चालवून गाडी थांबवली आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन पाहिला, तेव्हा पुढच्या एका चाकातून स्पष्ट धग येत होती. जॅकवर उचलून ते चाक हाताने फिरवले तर अर्ध्या फेऱ्यातच अडत होते. कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांवर गंज चढल्यामुळे ब्रेक पॅड डिस्कला सतत घासत राहिले होते. पिना काढून साफ केल्या, ब्रेकसाठीचे उष्णतारोधक ग्रीस लावले, फाटलेली रबरी टोपणे बदलली. या दुरुस्तीला फारसा खर्च नसतो, पण ती ब्रेकची असल्यामुळे ज्याला हे काम येत नसेल त्याने ते जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरील पट्टीप्रमाणे, टायर थंड असताना भरणे आणि अलाइनमेंट करून घेणे ही कामे त्याच आठवड्यात उरकली.

इंजिनाचे पाणी ठरावीक तापमानाला पोहोचल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या थर्मोस्टॅटकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण गाडी तापली तर सगळे धावतात, थंड राहिली तर कोणी तक्रार करत नाही. माझ्या गाडीचा तापमानाचा काटा उतारावर खाली घसरत असे. थर्मोस्टॅट काढून पाण्यात गरम करून पाहिला. त्यावर ८२ अंशांचा आकडा कोरलेला असताना तो कोमट पाण्यातही किंचित उघडाच होता. थंड इंजिनात तेल घट्ट राहते, घर्षण वाढते आणि ज्वलनही नीट होत नाही, त्यामुळे छोट्या फेऱ्यांमध्ये सर्वाधिक नुकसान होते. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर काटा एका जागी स्थिर झाला.

ईजीआर व्हॉल्व्ह (जळून गेलेल्या वायूंचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने भरून अर्धवट उघडा अडकला होता. तो पत्रा लावून बंद करून टाकण्याचा सल्ला मला मिळाला, पण मी तो साफ करूनच पुन्हा बसवला. नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे प्रमाण कमी ठेवणे हे त्याचे काम आहे, आणि आपल्या ॲव्हरेजसाठी दुसऱ्याच्या फुप्फुसांत धूर ढकलणे मला मान्य नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टरही काढून बेंचवर तपासून घेतले. एक नोझल फवारा मारण्याऐवजी टपकत होते, ते बदलले आणि सर्वांचा दाब सारखा करून घेतला.

यानंतर उरला तो चालवण्याचा भाग, आणि इथे भौतिकशास्त्र फार कठोर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटरने चालवले तर हा विरोध ६४ टक्क्यांवर येतो. पिकअपसारख्या उंच, चौकोनी तोंडाच्या गाडीत हा फरक मोजताना प्रत्येक वेळी दिसला. वाहतुकीला अडथळा होणार नाही अशा रस्त्यांवर मी ८०च्या आसपास राहतो, आणि इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याची ताकद) जिथे भरपूर असतो त्या १,५०० ते २,००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पट्ट्यात शक्य तितका वरचा गिअर वापरतो; मात्र इंजिन धडधडेपर्यंत फेरे खाली जाऊ देत नाही. उतारावर गिअर काढून टाकण्याची सवय अनेकांना असते. वास्तविक गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल तोडतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते आणि ब्रेकवर सगळा भार पडतो तो वेगळाच.

मागचा फाळका उघडा ठेवल्याने हवा सरळ निघून जाते, हा समज खरा नाही. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरून वाहणारी हवा त्याच्यावरून पुढे निघून जाते. म्हणून तो बंदच ठेवतो. टपावरचे रिकामे कॅरिअर मात्र काढून टाकले आणि हौद्यात कायम पडून राहिलेले जड सामानही उतरवले.

सध्या, दुरुस्त मीटरच्या हिशेबाने, गाडी लिटरला साडेअकरा किलोमीटर देते. टॅपेटची (इंजिनाच्या झडपांची) फट आणि पंपाचे टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची नेमकी वेळ, तपासायचे बाकी आहे. सध्याचे खडबडीत नक्षीचे टायर अजून चांगले आहेत, त्यामुळे ते झिजेपर्यंत वापरीन. त्यानंतर मूळ मापाचे, रस्त्यासाठीच्या नक्षीचे टायर घालण्याचे ठरवले आहे.