हवेवर धावतं, वाफेवर अडतं: अखेर कारण सापडलं

इंजिन वाफेवर चाललं! चाकं जागीच फिरू देणाऱ्या रोलरवर ठेवलं आणि बॉयलरमधलं पाणी संपत येईपर्यंत एकदाही न अडखळता चाललं. मागची नोंद वाचलेल्यांना आठवत असेल, ४५ मिमी रुंदीच्या रुळांवरचं हे वाफेचं मॉडेल टँक इंजिन कुठे अडलं होतं. कॉम्प्रेसरच्या हवेवर अर्ध्या बार दाबालासुद्धा अलगद फिरायचं. वाफ सोडली की थोडे फेरे मारायचं, जड व्हायचं आणि जाम. गार झालं की पुन्हा मोकळं.

पहिला संशय पाण्यावर होता. गार सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होणारच आणि पाणी दाबलं जात नाही. पण आपला डी-स्लाइड व्हॉल्व्ह (वाफ आत-बाहेर सोडणारी सपाट सरकती झडप) वाफेच्या दाबानेच बैठकीवर टेकलेला असतो. आत पाणी कोंडलं तर तो उचलला जातो आणि पाणी निसटतं. नळीत बसणारा, उचलला न जाणारा पिस्टन व्हॉल्व्ह असता तर गोष्ट वेगळी होती. शिवाय पाण्याचा त्रास सिलिंडर गार असताना व्हायला हवा, आणि इथे नेमकं उलट होत होतं.

मग तेल पाहिलं. डिस्प्लेसमेंट लुब्रिकेटरची (वाफेबरोबर तेल पोचवणाऱ्या डबीची) परीक्षा सोपी असते: आत गेलेल्या वाफेचं पाणी होऊन तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वरून नळीत ढकलतं. ड्रेन उघडला तर भरपूर पाणी निघालं, म्हणजे ४६० ग्रेडचं स्टीम ऑइल सिलिंडरपर्यंत पोचत होतं. धुरांड्याच्या काठावर त्याचे शिंतोडेही होते.

शेवटी दोन्ही कनेक्टिंग रॉड चाकांवरच्या क्रॅंकपिनवरून काढले. चाकं सुटी फिरवली, अगदी मोकळी. सिलिंडर वाफेने तापवले, वाफ बंद केली आणि हातमोजा घालून पिस्टन रॉड पुढेमागे सरकवायला गेलो, तर हलेना. ग्लँडचे (दांड्याभोवती वाफ अडवणाऱ्या भागाचे) नट सैल केले तरी फरक नाही. म्हणजे चेसिस, एक्सेंट्रिक (व्हॉल्व्ह हलवणारी चकती), क्रॉसहेड (पिस्टन रॉड सरळ ठेवणारा सरकता ठोकळा) सगळे निर्दोष. जे काही आहे ते सिलिंडरच्या आत.

खरा धागा मात्र माझ्या मित्राला सापडला. लेथ त्याची आहे आणि कानही त्याचाच तयार आहे. गार इंजिनाला हवा जोडली तेव्हा तो म्हणाला, "अरे, धुरांड्यातून सारखी हवा निसटतेय. आधी असं नव्हतं. तापल्यावर घट्ट होतं, मग गार झाल्यावर पहिल्यापेक्षा ढिलं कसं?"

सिलिंडरचं मागचं कव्हर उघडलं. किटमध्ये आलेला पिस्टन अख्खा टेफ्लॉनचा आहे. त्याच्या कडेवर चकचकीत पट्टा उमटला होता आणि एका बाजूला केसाएवढी पांढरी झालर निघाली होती. मायक्रोमीटर लावला: नवा असताना ११.९५ मिमी होता, आता ११.८७.

मग हिशोब मांडला. तीन बारच्या आसपास वाफेचं तापमान १४० अंशांच्या थोडं वर असतं. म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे ११५ अंश जास्त. १२ मिमीचं गनमेटलचं (तांब्याच्या मिश्रधातूचं) बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, तेवढ्यात जेमतेम ०.०२५ मिमीने मोठं होतं. टेफ्लॉन सहा-सातपट फुगतं, तो पिस्टन जवळजवळ ०.१६५ मिमीने वाढतो. ड्रॉइंगमध्ये फट दिली आहे ०.०५ मिमी. जागाच नाही! पिस्टन बोअरमध्ये आवळला जातो, गरम आणि मऊ असल्यामुळे तिथेच दबून बोअरच्या मापाचा होतो आणि गार झाल्यावर आक्रसून मूळ मापापेक्षा लहान होतो. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. हवेवर हे कधीच दिसलं नसतं, कारण हवा गार असते.

किट ज्यांच्याकडून आलं त्यांचं कास्टिंग सुरेख आहे, पोर्टची (वाफेच्या वाटांची) कामं तर बघत राहावीत अशी. पण ड्रॉइंगवरची ती फट वाफेवर चालवून पाहिलेल्या माणसाने लिहिलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. टेफ्लॉन घसरतं छान, म्हणून लोक ते सगळीकडे वापरतात. अख्ख्या पिस्टनसाठी वापरू नये.

मित्राने गनमेटलचे नवे पिस्टन कातून दिले, ११.९६ मिमीचे. सिलिंडर आणि पिस्टन एकाच धातूचे, त्यामुळे दोन्ही सारखेच वाढतात आणि फट गार-गरम तेवढीच राहते. खाचेत ८×२ ची (आतला व्यास ८ मिमी, जाडी २ मिमी) व्हायटन रबराची ओ-रिंग, खाचेचा तळ ८.३ मिमी व्यासाचा, म्हणजे रिंग जेमतेम दाबली जाते. हायड्रॉलिकच्या तक्त्यांतला दाब घेतला तर एवढ्याशा इंजिनाची निम्मी ताकद रिंग घासण्यातच जाईल. आणि नायट्राइल रबराची रिंग नको, या तापमानाला ती लवकर कडक होते.

उघडलंच होतं म्हणून व्हॉल्व्हही लावून घेतले. स्टीमचेस्टचं (व्हॉल्व्हच्या पेटीचं) झाकण काढून टॉर्च तिरपा धरला की डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन टोकाला असताना, पोर्टची काळी रेघ दिसते. डाव्या बाजूला पुढची रेघ जाड, मागची दिसतच नव्हती. व्हॉल्व्हचं स्पिंडल एम-२ (२ मिमी) आट्याचं, आटे ०.४ मिमीचे, अर्धा फेरा फिरवला की व्हॉल्व्ह ०.२ मिमी सरकतो. तेवढ्यात दोन्ही रेघा सारख्या झाल्या. आणि मग वाफ! चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके, चारही सारखे. आम्ही दोघंही काही न बोलता ऐकत होतो. एक्सेंट्रिक धुरीवर सैल असल्यामुळे (स्लिप एक्सेंट्रिक) उलटं चालवायला हाताने ढकलावं लागतं, पण उलटेही ठोके तेवढेच स्वच्छ पडतात.

आता लेआउटच्या (रुळांच्या मांडणीच्या) बाजूच्या, जागेवरच चालणाऱ्या मिल इंजिनाला रंग द्यायचा, असं ठरलं होतं. पण हे लिहिताना लक्षात आलं की त्याच्या ग्लँडमध्येही टेफ्लॉनचा बुश आहे. बाहेरून धातूने जखडलेला बुश तापल्यावर फुगणार कुठे? आतल्या बाजूला, म्हणजे दांड्यावर. त्याचं फ्लायव्हील कितीही संतुलित केलं तरी त्याने फिरणारा लांब दांडा, म्हणजे लाइनशाफ्ट, मंद गतीला का अडखळतो, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. म्हणून रंग थांबला. आधी सुटं सिलिंडर हीट गनने १४० अंशांपर्यंत तापवून दांडा हाताने सरकवून बघणार. यापुढे प्रत्येक सिलिंडर जोडण्याआधी हीच चाचणी करायची, बॉयलर पेटवायची गरजच नाही.

बुशच्या जागी ग्रॅफाइटचा धागा भरायचा विचार आहे. तुमच्यापैकी कुणी ३ मिमीच्या दांड्यावर तो भरला असेल तर नट किती आवळता ते कळवा. मी बोटाने घट्ट करून, वाफेवर गळती थांबेल इतपतच पान्याने फिरवणार आहे.