क्षयरोगाच्या करारातील नवे कलम

२०१७ च्या पावसाळ्यात क्षयरोग प्रकल्पाच्या कराराची दुरुस्ती आमच्या संस्थेकडे सहीसाठी आली. हिशेब आणि करार माझ्याकडे असल्याने ती मी विश्वस्तांपुढे ठेवायची होती. दिल्लीच्या एका संस्थेला अमेरिकी सरकारचा निधी मिळे व त्यातला वाटा आमच्याकडे येई. रकमेच्या कलमाखाली या वेळी एक लांबलचक कलम होते: निधी घेणाऱ्या संस्थेने कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपात करू नये, त्यासाठी कुणाला पाठवू नये वा त्याचा पुरस्कार करू नये, आणि हे बंधन तिच्या इतर पैशांतून चालणाऱ्या कामालाही लागू राहील.

गर्भपातासाठी अमेरिकी मदत वापरायला १९७३ पासूनच बंदी आहे आणि आमच्या त्या खात्यातून असा एक रुपयाही गेलेला नव्हता. रेगन प्रशासनाने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीच्या लोकसंख्या परिषदेत जाहीर केलेली नव्या कलमातली अट मात्र इतर पैशांनाही बांधते; ती डेमोक्रॅट अध्यक्ष काढतात आणि रिपब्लिकन अध्यक्ष पुन्हा घालतात. २०१७ पर्यंत ती कुटुंबनियोजनाचा निधी घेणाऱ्यांपुरती होती. ट्रम्प यांनी ती जवळपास सर्वच आरोग्य-मदतीला लावली, म्हणून थुंकीचे नमुने गोळा करणाऱ्यांनाही ती येऊन भिडली.

अडचण होती ती आवारातल्या, गावच्या देणग्यांवर चालणाऱ्या स्त्रियांच्या दवाखान्याची. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे औषध चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, त्यामुळे क्षयाचे उपचार घेणाऱ्या बायकांना आम्ही आवर्जून तेथे पाठवत असू. साधन निकामी ठरून विवाहितेला दिवस गेले, तर १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची मुभा होती आणि आमचे केंद्र त्यासाठी मान्यताप्राप्त होते.

बैठकीत मी कलम मराठीत समजावून सांगितले, तेव्हा दवाखान्याच्या सिस्टरांनी विचारले, "बाई आली नि मूल नको म्हणाली, तर मी गप्प बसायचं का?" मी कागदातली सवलत वाचली: गरोदर स्त्रीने कायदेशीर गर्भपाताचा निर्णय झाल्याचे स्वतः स्पष्ट सांगून सुरक्षित जागा विचारली, तर पत्ता देता येईल. त्या म्हणाल्या, "एवढं सरळ विचारणारी बाई मला अजून भेटायची आहे. सासू बाहेर बाकावर बसलेली असते. बाई आत येऊन 'पाळी चुकली, गोळी द्या' एवढंच पुटपुटते."

दवाखाना वेगळ्या न्यासाकडे सोपवावा, अशीही सूचना आली. पण नोंदणी आणि नवी मान्यता मिळेपर्यंत तो बंद ठेवावा लागला असता. विश्वस्तांनी सही नाकारली. निर्णय मला पटला, पण पाड्यापाड्यांवर रुग्णांना गोळ्या पोचवणाऱ्या कार्यकर्त्यांची कामे त्यामुळे गेली, आणि त्यांच्या अखेरच्या मानधनाची पत्रकेही मलाच करावी लागली.

जानेवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी अट काढली, तेव्हा पुन्हा करार करायचा का, अशी दिल्लीहून विचारणा झाली. परंतु सप्टेंबर २०२० च्या कायदादुरुस्तीने परकीय निधी एका संस्थेने दुसरीला देणेच बंद झाले होते.