पंखा, खिडकी आणि शंभर इंचांचा पडदा

घरी प्रोजेक्टर घ्यायचं ठरलं आणि मी थेट मशिनं बघायला लागले. दोन आठवड्यांत एक्सेलमध्ये सतरा रकाने झाले: ल्युमेन (उजेडाचं माप), कॉन्ट्रास्ट, फोर-के, दिवा की लेझर, आवाज किती डेसिबल. आधी कळस मग पाया म्हणतात, तसला प्रकार. त्या सतरा रकान्यांत आमच्या हॉलची लांबी कुठेच नव्हती.

जाग आली ती भावाच्या छोट्या प्रोजेक्टरमुळे. "ताई, घेऊन जा, महिनाभर वापरून बघ," म्हणाला. (महिन्याचे चार महिने झाले, ते सोडा.) खोक्यावर '९,००० ल्युमेन' आणि '४के सपोर्ट' असं ठळक छापलेलं. हा 'सपोर्ट' शब्द फार लबाड आहे. फोर-केचा, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांच्या चित्राचा, सिग्नल आत घेता येतो, एवढाच त्याचा अर्थ; भिंतीवर पडत होते ते १२८० बाय ७२० ठिपके. ल्युमेनचंही तेच. आकड्याच्या मागेपुढे एएनएसआय किंवा आयएसओ, म्हणजे मोजणीच्या प्रमाणाचं नाव, लिहिलेलं नसेल तर तो मोजलेला आहे की मनाला येईल तो छापलेला, हे कळायला मार्ग नसतो.

तर दुपारी चार वाजता स्टुलावर चार जाड पुस्तकं रचून मी तो प्रोजेक्टर ठेवला आणि भिंतीवर चित्र टाकलं. डाव्या हाताची मोठी खिडकी उघडी. चित्र आलं, पण नायकाचा काळा कोट आमच्या भिंतीच्याच रंगाचा दिसत होता. सासरे, म्हणजे आमचे बाबा, त्यांच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "अगं, हे सगळं धुक्यात चाललंय का?"

धुकं नव्हतं. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, इतकी साधी गोष्ट मला तोवर कळली नव्हती. जिथे काळं हवं तिथे तो उजेड टाकत नाही, बस. म्हणजे मशिन बंद असताना भिंत जेवढी उजळ दिसते, त्यापेक्षा काळं त्या चित्रात काही असूच शकत नाही. टीव्हीची काच मुळातच काळी असते, म्हणून तो दुपारी चालतो. मी खिडकीचा पडदा ओढायला उठले तर बाबांनी लगेच हात वर केला. "दुपारचं खिडकी बंद करायचं काम नाही हं. जीव घुसमटतो."

त्या रात्री दिवे मालवून तेच चित्र पाहिलं तर ओळखूच येईना, इतकं बरं दिसलं. मग गणित करून पाहिलं. थिएटरच्या पडद्यावरचा उजेड फूट-लॅम्बर्टमध्ये मोजतात. डिजिटल सिनेमाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट आहे. शंभर इंचांचा पडदा सुमारे तीस चौरस फुटांचा होतो. त्यावर खरे १,००० ल्युमेन पडले तर तीस चौरस फुटांना भागून तेहेतीसच्या आसपास उत्तर येतं, म्हणजे थिएटरच्या दुपटीहून जास्त. आणि दुपारी खिडकी उघडी असेल तर खरे ३,००० ल्युमेनही आमच्या भिंतीवर केविलवाणे दिसतील. एक्सेलमधला ल्युमेनचा रकाना मी तिथेच पुसला.

मग आकार. माझ्या डोक्यात १२० इंच पक्कं बसलं होतं. मास्किंग टेप आणून भिंतीवर दोन चौकटी आखल्या: १०० इंचांची, सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून जरा उंच, आणि १२० इंचांची, पावणेनऊ फूट रुंद आणि जवळजवळ पाच फूट उंच. सोफा भिंतीपासून अकरा फुटांवर. चार दिवस त्या पट्ट्या तशाच ठेवल्या, येणारा-जाणारा विचारायचा काय चाललंय म्हणून. अकरा फुटांवरून शंभर इंचांचं चित्र सुमारे ३६ अंशांचा कोन व्यापतं, एकशेवीसचं ४३च्या घरात जातं. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण सोफ्याच्या टोकाला बसून मोठ्या चौकटीच्या दोन कोपऱ्यांकडे आळीपाळीने बघा, मान फिरवावी लागते. मुलाचा हट्ट मोठीचा होता. त्याला टोकाला बसवलं, दहा मिनिटांत तह झाला.

आता पंखा.

आमचा हॉल सोळा फूट लांब आणि पंखा बरोब्बर मध्यावर, छतापासून फूटभर खाली. ज्याला विचारावं तो म्हणायचा, प्रोजेक्टर छताला मागे टांगा, झालं. मी एका रविवारी शिडीवर चढून बॅटरी हातात धरून बसले आणि नवऱ्याला भिंतीवर आखलेल्या चौकटीची वरची कड बघायला सांगितलं. पंखा चालू केला. वरच्या कडेवर सावली भिरभिरायला लागली. खालून हाक आली, "अगं, टोकं कापतोय!" बॅटरी आणखी खाली धरली की सावली जायची, पण मग प्रोजेक्टर दीड-दोन फूट लांब दांड्यावर लोंबकळत ठेवावा लागणार होता. पंख्याच्या अलीकडे, भिंतीपासून साडेपाच फुटांवर टांगायचा तर शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळून मोठं चित्र टाकणारं, मशिन हवं. पंखा काढणं हा पर्याय मी घरात बोलूनही दाखवला नाही.

इथे थ्रो रेशो नावाचं प्रकरण मला पहिल्यांदा नीट समजलं. लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, बाकी काही नाही. साडेपाच फुटांवरून सव्वासात फूट रुंद चित्र म्हणजे पाऊण. मागच्या भिंतीवर फळी ठोकली तर लेन्स पडद्यापासून साडेतेरा फुटांवर येते, म्हणजे १.८६. माझ्या यादीतली अर्धीअधिक मशिनं १.१ ते १.३ किंवा १.५ ते १.६६ अशा पट्ट्यात होती, ती एका झटक्यात बाद झाली. दोन आठवडे ज्यांच्या कॉन्ट्रास्टची तुलना करत बसले होते, ती आमच्या घरात बसणारच नव्हती.

फळी साडेसहा फूट उंचीवर. तिथून झोत सोफ्यावर बसलेल्यांच्या डोक्यावरून मोकळा जातो, पंख्याच्या बराच खालून. फक्त लेन्स आता चित्राच्या मध्यापेक्षा दीड फूट वर येत होती. मशिन नुसतं खाली कललं की चित्राचा समलंब चौकोन होतो. तो सरळ करायला कीस्टोन नावाची सोय असते, आणि ती वापरू नका, असं मी हात जोडून सांगेन. ती चित्र आतल्या आत चेपून सरळ करते, म्हणजे कडेचे पिक्सेल वाया घालवते; अक्षरांच्या कडा मऊ पडतात. भावाच्या प्रोजेक्टरवर श्रेयनामावली वाचताना ते चांगलंच जाणवलं होतं. लेन्स शिफ्टमध्ये मशिन सपाट राहतं आणि आतली लेन्सच सरकते, चित्राला धक्का लागत नाही. यादी आणखी आखडली. झूम मोठा, लेन्स शिफ्ट भरपूर: उरली तीन मशिनं. दोन थ्री-एलसीडीची, एक डीएलपी; चित्र घडवायच्या या दोन वेगळ्या पद्धती.

ती बघायला आम्ही एका दुकानाच्या डेमो खोलीत गेलो. काळ्या भिंती, काळं छत, काळा गालिचा. अशा खोलीत काहीही सुंदर दिसतं. मी विक्रेत्याला म्हटलं, "जरा एक दिवा लावता का?" त्याचा चेहरा पडला, पण लावला. डीएलपीचं चित्र मला जास्त रेखीव वाटलं, जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. तेवढ्यात नवरा म्हणाला, "ते लाल-हिरवं काय चमकतंय?"

मला काही दिसेना. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं होती. तो म्हणाला, नजर इकडून तिकडे नेली की अक्षरांच्या मागे रंगांची शेपूट येते. विक्रेता म्हणाला, "नाही साहेब, भास असेल." भास नव्हता. एका चिपच्या डीएलपीत लाल, हिरवं, निळं ही चित्रं एकामागून एक पडतात आणि आपला मेंदू ती जुळवतो. कुणाकुणाचे डोळे हलताना ती सुटी सुटी पकडतात. याला रेनबो इफेक्ट म्हणतात. कुणाला दिसतो, कुणाला जन्मात दिसत नाही. त्या चिपवरच्या लाखो सूक्ष्म आरशांची युक्ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७मध्ये काढली, पुढे २०१५मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करही मिळालं. पण नवऱ्याच्या डोळ्यांपुढे ऑस्करचं काय चालणार! थ्री-एलसीडीत तिन्ही रंग एकाच वेळी पडतात. तिथे त्याला काही दिसलं नाही. निकाल लागला. तुमच्या घरी जेवढे बघणारे तेवढे सगळे घेऊन जा, एवढंच म्हणेन.

फोर-केवर मी फार डोकं खपवलं नाही. शंभर इंचांवर साध्या १०८०पीचा, म्हणजे फोर-केहून कमी ठिपक्यांच्या चित्राचा, एक पिक्सेल सव्वा मिलिमीटरहूनही थोडा लहान असतो. अकरा फुटांवरून तो सुटा ओळखायला नजर धडधाकट लागते, आणि आमच्या घरात तिघांना चष्मा आहे. त्या दोन थ्री-एलसीडींतलं ज्याचं काळं जास्त गडद, ते घेतलं. दिवाच घेतला, लेझर नाही. लेझर २०,००० तास चालतो खरा, पण आठवड्यातून तीन सिनेमे म्हणजे वर्षाला चारशे तास. साडेतीन हजार तासांच्या दिव्यालाही घाई नाही.

पडद्याची चूक मात्र मी पैसे मोजून केली. भावाचा प्रोजेक्टर असतानाच हौसेने एक ओढून खाली घ्यायचा स्प्रिंगचा पडदा आणला. पहिले काही आठवडे मस्त. मग कडा आतल्या बाजूला वळायला लागल्या आणि मधे इंग्रजी व्ही आकाराच्या लाटा उठल्या. स्थिर चित्रात त्या कळत नाहीत. मॅच लागली आणि कॅमेरा आडवा फिरला की अख्खं मैदान हेलकावे खायचं. मुलगा म्हणायचा, "आई, बोटीत बसून बघतोय आपण." विकणाऱ्याकडे तक्रार केली तर उत्तर आलं, एसी लावू नका.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले होते. तीन कापडांचे वहीएवढे नमुने मागवले: मॅट पांढरं, करडं आणि एएलआर, म्हणजे बाजूचा उजेड दुसरीकडे परतवणारं. तिन्ही भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवून दुपारी चारला त्यांच्यावर एकच चेहरा टाकला. पांढऱ्यावर तो धुऊन निघाला होता. करड्यावर केस जरा काळे झाले, पण दातही करडे. एएलआरवर केस काळे, दात पांढरे, मी टाळीच वाजवणार होते. मग बाबांच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून तोच तुकडा एकदम मंद दिसत होता आणि गालांवर बारीक चमचम, साखर सांडल्यासारखी. जे कापड उजेडाला दिशा देतं ते बघणाऱ्यालाही दिशा देतं. कोपऱ्यातली खुर्ची हलवायची म्हणजे घरात दुसरा वाद. भिंतीच्या अगदी जवळ ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रोही मनात येऊन गेला, पंख्याचा प्रश्नच मिटला असता. पण त्याचा झोत इतका तिरपा पडतो की पडद्यावरची नखाएवढी लाटही डोंगरासारखी दिसते. लाटांचा अनुभव माझ्या गाठीशी होता.

शेवटी गाठ सोडवली बाबांनीच, नकळत. "ते काय मोठं लावायचं ते लावा, पण माझा टीव्ही हलवू नका." मी इतके दिवस एकाच वस्तूकडून दुपारच्या बातम्या आणि रात्रीचा सिनेमा दोन्ही मागत होते. टीव्ही आहे तिथेच राहिला. त्याच्यासमोर रात्री खाली उतरणारा मोटरचा पडदा घेतला, साधं मॅट पांढरं कापड, पण टॅब-टेन्शनचा. दोन्ही कडांना दोऱ्या असतात आणि त्या कापड बाहेरच्या बाजूला ताणून धरतात, म्हणून लाटा उठत नाहीत. टीव्हीला घासू नये म्हणून पेटी भिंतीपासून सहा इंच पुढे आली, त्यामुळे अंतराचं गणित पुन्हा एकदा करावं लागलं. बसलं, थोडक्यात.

एक फजिती राहिलीच. मागच्या फळीपर्यंत एचडीएमआयची पंधरा मीटरची वायर लागणार होती. एवढ्या लांब अंतराला तांब्याची साधी वायर फोर-केला दगा देते, म्हणून ऑप्टिकल घेतली. अर्धा दिवस खपून ती भिंतीवरच्या पट्टीत बसवली, कोपरे जपून वळवले, पट्टीची झाकणं ठोकली. चालू केलं तर 'नो सिग्नल'. मशिन परत करायच्या विचारापर्यंत मी आले होते. मग मुलाने वायरच्या टोकावर बोट ठेवलं. त्यावर बारीक अक्षरांत 'डिस्प्ले' लिहिलं होतं आणि ते टोक प्लेअरपाशी होतं. ऑप्टिकल वायरला दिशा असते, उलटी चालत नाही. सगळी झाकणं पुन्हा काढली.

आता रात्री साडेनऊला पडदा उतरतो आणि बाबा स्वतः उठून खिडकी लावतात. तक्रार एकच आहे, आणि ती माझीच. बर्फाचं किंवा आकाशाचं दृश्य आलं की पांढरं छत उजळून निघतं, तो उजेड परत पडद्यावर येतो आणि काळं फिकं पडतं. पडद्याच्या पुढचं चार फूट छत गडद राखाडी रंगवायचं म्हणून मी रंगाचा डबासुद्धा आणून ठेवलाय. मागच्या आठवड्यात शिडी काढली तर बाबा म्हणाले, "अगं, घर आहे का गुहा?" डबा सध्या जिन्याखाली आहे.