तांबी सरकार फुकट देतं, मग पैसे कशासाठी मागायचे?

कुटुंब नियोजनाच्या कामासाठी खासगी निधी मागणाऱ्या प्रस्तावांत हमखास खटकणारी एक ओळ असते: 'गर्भनिरोधक साधनांची खरेदी'. निरोध, माला-एन, छाया गोळी, तांबी, अंतरा इंजेक्शन हे सगळं सरकारी पुरवठ्यात विनामूल्य आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांशी लेखी करार केला आणि महिन्याचा अहवाल वेळेवर दिला, तर ट्रस्टच्या दवाखान्यालाही तो पुरवठा मिळू शकतो. कंपनीच्या सीएसआर (म्हणजे कंपन्यांनी कायद्याने करायच्या समाजकार्याच्या) समितीतला माणूस डॉक्टर नसतो, पण सरकार फुकट देतं ते आमच्याकडून का मागता, एवढं विचारण्याइतका हिशेबी तो नक्की असतो. प्रस्ताव तिथेच बाजूला पडतो.

खासगी पैसा लागतो तो साधनाच्या अवतीभवतीच्या कामाला. अंतराचंच घ्या. इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. पाळी अनियमित होते, कधी अंगावरून जात राहतं, पुढे कित्येक जणींची पाळी बंदच होते. हे आधी नीट सांगितलेलं नसेल तर घरात घबराट उडते आणि बाई दुसऱ्या डोसला येत नाही. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत डोस देता येतो, पण हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून पहिल्या इंजेक्शननंतर पंधरवड्यात एक फोन, अकराव्या आठवड्यात दुसरा फोन आणि फोन लागला नाही तर घरी भेट, एवढी साखळी उभी करावी लागते. पाळी का लांबली हे समजावून सांगायला सिस्टरकडे वीस मिनिटं हवीत. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि डझनभर रजिस्टरं सांभाळून ती वीस मिनिटं उरत नाहीत. मागायची आहेत ती हीच वीस मिनिटं.

आदिवासी तालुक्यातल्या तीसेक गावांसाठी वर्षाचं अंदाजपत्रक साधारण असं मांडता येईल. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले दर घाला. एक प्रशिक्षित नर्स महिना २५,००० प्रमाणे ३ लाख. दोन समुपदेशक, प्रत्येकी १५,००० प्रमाणे ३ लाख ६० हजार. महिन्याला दहा दिवस भाड्याची गाडी, दिवसाला २,५०० प्रमाणे ३ लाख. प्रशिक्षण ८० हजार. हातमोजे, गरोदरपणाच्या तपासणीच्या पट्ट्या, निर्जंतुकीकरणाचं साहित्य मिळून ९० हजार. फोन आणि घरभेटी ६० हजार. त्रास झालेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर राखीव ५० हजार. नोंदी आणि ऑडिट ६० हजार. कार्यालयीन खर्च १ लाख ३० हजार. एकूण १४ लाख ३० हजार. बहुतेक प्रस्तावांत राखीव निधीची ओळ गाळलेली असते. तांबी बसवल्यावर रक्तस्राव वाढलेली एकच बाई उपचाराविना राहिली, तर त्या गावात पुढची दोन वर्षं कुणी तांबीचं नाव काढत नाही.

आता देणगीदार विचारणार, या पैशांत मिळालं काय? या क्षेत्रातलं रूढ माप म्हणजे एका जोडप्याला एक वर्ष मिळालेलं संरक्षण, बोलताना नुसतं सीवायपी. चार इंजेक्शनं म्हणजे एक, गोळ्यांची पंधरा पाकिटं म्हणजे एक, १२० निरोध म्हणजे एक आणि ३८०-ए तांबी म्हणजे ४.६, असे गुणक बरीच वर्षं वापरात आहेत. समजा वर्षात २५० तांब्या बसवल्या: १,१५०. अंतराचे १,८०० डोस: ४५०. गोळ्यांची १,५०० पाकिटं: १००. बेरीज १,७००, म्हणजे एका सीवायपीमागे सुमारे ८४१ रुपये.

याच मापात फार मोठी खोच आहे. स्त्रीनसबंदीला १० किंवा भारतासाठी त्याहूनही जास्त गुणक धरतात. म्हणजे वर्षभर गावोगाव फिरून मिळवलेला १,७०० चा आकडा फक्त १७० ऑपरेशनं दाखवून गाठता येतो, तोही दोन-तीन शिबिरांत. एका सीवायपीचा खर्च किती, एवढंच जो देणगीदार बघतो, तो नकळत तुम्हाला ऑपरेशनांकडे ढकलतो. भारतात नसबंदीचं पारडं आधीच जड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. घाईच्या शिबिरांचा शेवट काय होतो हे नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात दिसलं. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि त्या दिवसांत डझनाहून जास्त जणी दगावल्या. २०१६ साली देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

म्हणून करारात ऑपरेशनांचं लक्ष्य घालू देऊ नका. कर्मचाऱ्याला 'केस'मागे बक्षीस नाही, हे वाक्य लेखी हवं. सीवायपी द्या, पण त्याशेजारी आणखी तीन आकडे ठेवा: अंतराचा दुसरा डोस घेतलेल्यांचं प्रमाण, किमान तीन पद्धतींची माहिती मिळालेल्या बायकांचं प्रमाण आणि तांबी काढून मागितल्यावर ती किती दिवसांत काढून दिली. तांबी काढून देणं हीसुद्धा सेवाच आहे, पण अहवालात तिला जागा नसल्यामुळे बाईला 'अजून थोडे दिवस राहू दे' म्हणून परत पाठवलं जातं.

पैसा कुठून येईल हा प्रश्न यानंतरचा. महाराष्ट्रातल्या छोट्या-मध्यम संस्थेला आज सर्वांत जवळची वाट सीएसआरची. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काहीही एक असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. त्याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आरोग्यसेवाही आहे आणि स्त्री-पुरुष समानताही, तेव्हा प्रस्ताव दोन्ही खात्यांत बसतो. काही कंपन्या 'कुटुंब नियोजन' हा शब्द बघून कचरतात. त्यांच्यासाठी माता-बाल आरोग्य हे शीर्षक चालेल, पण आतल्या पानांवर पाळणा लांबवण्याच्या सेवा स्पष्ट लिहा. झाकून ठेवलेली गोष्ट ऑडिटमध्ये निघाली की पुढचा हप्ता अडकतो.

कागद आधी जमवा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लोक ज्यांना १२ए आणि ८०जी म्हणतात त्या आयकराच्या नोंदण्या आणि सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक. एप्रिल २०२१ पासून या क्रमांकाशिवाय कंपनी संस्थेला सीएसआरचं काम देऊ शकत नाही. मग कंपन्या शोधा. कायदा कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे मुंबईतल्या मुख्यालयात खेटे घालण्याआधी तुमच्या जिल्ह्यातल्या एमआयडीसीत कोण आहे ते बघा. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कोणत्या कंपनीने कोणत्या राज्यात, कशावर किती खर्च केला ते दिसतं. आरोग्यावर आधीच खर्च करणाऱ्या आठ-दहा कंपन्या वेगळ्या काढा, बाकीच्या सोडा.

वेळ साधणं महत्त्वाचं. पुढच्या वर्षाचा आराखडा ठरतो त्याच्या आधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, मोठा प्रस्ताव पोचायला हवा. डिसेंबरनंतर कंपनीकडे न खर्चलेले पैसे उरलेले असतात. त्यातून ऑटोक्लेव्ह (निर्जंतुकीकरणाचं यंत्र), तपासणीचं टेबल, दिवा अशी एकदाच घ्यायची वस्तू मागावी. नर्सचा पगार मार्चच्या घाईतल्या पैशांतून कधीच मागू नये, कारण एप्रिलमध्ये तो द्यायला कुणी नसतं. पगार असलेलं काम पहिल्यापासूनच 'चालू प्रकल्प' म्हणून संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्या. त्याला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते, आणि मार्चअखेर उरलेला पैसा सरकारी निधीत न जाता ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या खात्यात टाकून त्याच कामासाठी ठेवता येतो.

वाटाघाटीत एक जुना गैरसमज पुढे येतो: 'प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर चालणार नाही.' ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात हे सांगितलं आहे. परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा आणि शांतपणे पुढे करा. औषध कंपनी असेल तर उलटी काळजी घ्यावी लागते. गर्भनिरोधक विकणाऱ्या कंपनीने स्वतःचाच ब्रँड खपवायला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरता येत नाही, आणि तुमच्या समुपदेशकाच्या तोंडी एकाच गोळीचं नाव बसलं की निवडीला काही अर्थ राहत नाही.

परदेशी फाउंडेशनची वाट लांबची आहे. गेट्स, पॅकार्ड, ह्यूलेट, लंडनचं सिफ (चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन) ही या विषयातली मोठी नावं, पण त्यांचा पैसा प्रामुख्याने मोठ्या संस्थांना आणि राज्यपातळीवरच्या कामांना जातो. पूर्वी दिल्लीतली मोठी संस्था निधी घेऊन तालुक्यातल्या ट्रस्टला पोटअनुदान देत असे. २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखालचा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवणं बंद झालं आणि ती साखळी तुटली. आता या कायद्याखाली स्वतःची नोंदणी हवी. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेले असावे लागतात. तेवढं नसेल तर एका ठरावीक देणगीसाठी देणगीदाराचं पत्र जोडून पूर्वपरवानगी मागता येते. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत हवा, मात्र दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार यांसारखा प्रत्यक्ष सेवेवरचा खर्च त्यात धरत नाहीत. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. ते चुकवल्यावर नोंदणीचं नूतनीकरण अवघड होतं.

या वाटेवर आता गर्दीही वाढली आहे. जगभरातल्या सरकारी देणग्यांत कुटुंब नियोजनासाठी सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा होता. २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था बंद झाली आणि आफ्रिका-आशियातल्या कित्येक संस्था त्याच चार-पाच फाउंडेशनांच्या दारात उभ्या राहिल्या. शिवाय गर्भपाताच्या सेवेशी संबंध ठेवणाऱ्या परदेशी संस्थांना निधी नाकारणारं अमेरिकेचं १९८४ चं धोरण जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा लागू झालं. तुमचा दवाखाना आपल्या कायद्यानुसार गर्भपाताची सेवा देत असेल, तर कुठल्याही भागीदारी करारावर सही करण्याआधी मूळ पैसा कुणाचा आहे ते विचारा. खासगी फाउंडेशनला ती अट लागू नसते, पण मधल्या भागीदाराला असू शकते.

रोटरीचं ग्लोबल ग्रँट मध्यम आकाराच्या कामाला बरं पडतं. संस्था थेट अर्ज करू शकत नाही. इथला एक क्लब आणि परदेशातला एक क्लब मिळून करतात, प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा हवा. सोशल स्टॉक एक्स्चेंजवर, म्हणजे शेअर बाजारातल्या सामाजिक संस्थांसाठीच्या विभागात, किमान ५० लाखांची उभारणी करावी लागते, तो छोट्या संस्थेचा प्रांत नाही. ऑनलाइन वर्गणीचं तर बोलायलाच नको. आजारी बाळाच्या फोटोवर पैसे जमतात, तांबीच्या फोटोवर जमत नाहीत.

रोख पैशांपलीकडचं मात्र लोक मागायला विसरतात. १९६८ मध्ये सरकारने निरोध बाजारात आणला तेव्हा तो खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचवला तो चहा, साबण, सिगरेट आणि बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेने. तीन नगांना १५ पैसे. आजही कारखान्याची कामगार-बस, गोदामातला कोपरा, हिशेबनीसाचे महिन्यातले दोन दिवस हे सगळं मागता येतं.

चर्चेत एक आक्षेप येणारच: २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आला, आता कुटुंब नियोजन कशाला? उत्तर लोकसंख्येच्या भाषेत देऊ नका, फसाल. त्याच पाहणीत राज्यातल्या २०-२४ वयाच्या २१.९ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. सतराव्या वर्षी पहिलं मूल आणि वर्षाच्या आत दुसऱ्याची चाहूल, हा प्रश्न राज्याच्या सरासरीत दिसत नाही. तुमच्या तालुक्यातल्या उपकेंद्रांच्या नोंदींतून दोन बाळंतपणांतलं अंतर काढा आणि तो तक्ता प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लावा.

करार संपण्याची तयारी पहिल्याच वर्षी करावी लागते. शेवटच्या सहामाहीत अंतरा इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येक बाईच्या पुढच्या डोसची तारीख, कार्ड आणि फोन नंबर तिच्या संमतीने उपकेंद्राच्या सिस्टरकडे आणि आशाताईकडे सोपवा, तिथे साठा आहे का ते बघा, आणि पुढचा डोस कुठे मिळेल हे नक्की झाल्याशिवाय नव्या बाईला पहिलं इंजेक्शन देऊ नका. तांबीवाल्यांना काढून द्यायची सोय जवळ कुठे आहे ते कार्डावर लिहून द्या. या कामाला साधारण दोन महिन्यांचा समुपदेशकाचा पगार लागतो. तो अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा, कारण निरोप घेणारा देणगीदार त्यासाठी वेगळे पैसे देत नाही.